साक्षीला अग्नी नाही, तीन माणसं

अग्नीच्या साक्षीनं लग्न लागतं म्हणतात. हा साक्षीदार कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा राहून बोललेला कुणी पाहिलाय का? मी तरी नाही. पण त्याच्या नावानं बायकांचे निकाल मात्र लागलेत. 1965 सालचा भाऊराव लोखंडे खटला घ्या. पहिली बायको जिवंत असताना 1962 साली गड्यानं दुसरं लग्न केलं. खालच्या कोर्टानं शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टानं विचारलं, होम झाला होता का? सात पावलं चालले होते का? नसतील तर तुमच्यात तशी रूढी आहे हे दाखवा. दाखवता आलं नाही. मग दुसरं लग्न हे लग्नच नाही, आणि लग्नच नाही तर गुन्हा कुठला? गडी सुटला. दोन बायकांचं काय झालं हे कायद्याच्या पुस्तकात छापत नाहीत.

मी रजिस्टर लग्नांचे फोटो काढतो. 1979 पासून काढतोय. मांडवातल्या लग्नांचेही काढले, पोटासाठी. पण रजिस्टरच्या लग्नाला जाताना वेगळा असतो माणूस. तिथं पाचसहा जण असतात. नवरा-नवरी, तीन साक्षीदार, कधी एखादी मैत्रीण चपला हातात घेऊन पळायच्या तयारीत. वाजंत्री नाही, अक्षता नाहीत, बाप नाही. लोखंडी कपाटं, ट्यूबलाइट, टेबलावर उघडं रजिस्टर. भिंतीवर पुढाऱ्यांचे फोटो आणि त्यात आपला बाप. हे असं लग्न आपल्याकडे आलं कुठून, ते मला फोटो काढता काढता शोधावं लागलं. जे सापडलं ते इथं मांडतो.

साल 1872. कलकत्त्यात ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन सरकारच्या मागे लागलेले, की आम्ही मूर्ती मानत नाही, भटाचे विधी मानत नाही, मग आमची लग्नं कायद्यात धरणार का नाही? त्यातून कायदा झाला. 1872 चा तिसरा कायदा. लग्न सरकारी अधिकाऱ्यापुढं, तीन साक्षीदारांसमोर. पण एक खुट्टी मारून ठेवली. लग्न करणाऱ्यानं लिहून द्यायचं, की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध नाही, शीख नाही, जैन नाही, ज्यू नाही. म्हणजे दोन माणसांना एकत्र यायचं तर आधी दोघांनी कुणीच नसायचं.

आणि त्याच सुमाराला पुण्यात काय चाललं होतं? 25 डिसेंबर 1873. सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न. नवरा सीताराम जबाजी आल्हाट, नवरी राधा ग्यानोबा निंबणकर. सावित्रीबाई पुढं होऊन सगळं करणारी. भट नाही. वधू-वरांनी एकमेकांना तोंडानं शब्द द्यायचा. नवरी विचारणार, बायांचे हक्क मानशील का? नवरा सगळ्यांदेखत हो म्हणणार. इथं कुणालाही ‘मी अमुक नाही’ असं लिहून द्यावं लागलं नाही. जोतीरावांनी सरकारला विचारलंच नाही. करून टाकलं. मग गावजोशी खवळले. न बोलावता लग्न झालं तरी दक्षिणा आमचीच, आमचा वतनाचा हक्क, म्हणून कोर्टात गेले. ओतूरच्या पाटलाचं प्रकरण तर मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं.

आज विवाह अधिकाऱ्यासमोर जे वाक्य बोलावं लागतं, की मी अमुक, या तमुकला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो, तिनंही तसंच म्हणायचं, त्या वाक्याला मला कलकत्त्यापेक्षा पुण्याचा वास जास्त येतो. हे माझं मत. कायदेपंडितांना पटणार नाही. न पटो.

पुढं 1918 साली विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय हिंदू लग्नं कायदेशीर ठरवायचं बिल आणलं. सनातनी तुटून पडले. पास झालं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वाट बघितली नाही. 1919 साली आपल्या संस्थानापुरता आंतरजातीय लग्नाचा कायदा केलाच. ब्रिटिश मुलखात मात्र 1923 साल उजाडलं. मध्य प्रांतातले डॉ. हरिसिंग गौर यांनी 1872 च्या कायद्यात दुरुस्ती करून घेतली. आता हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांनी आपापसात लग्न करताना ‘मी कुणी नाही’ असं लिहून द्यायची गरज उरली नाही. पण दंड ठेवला. असं लग्न केलं की एकत्र कुटुंबातून तू तुटलास. तुला दत्तक घेता येणार नाही. आणि सगळ्यात भारी कलम हे, की तू एकुलता एक असशील तर तुझ्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घ्यायचा हक्क. म्हणजे पोरगा जित्ता, चालताबोलता, आणि कायद्यानं बापाला सांगितलं, मेला समज.

घरातल्या भिंतीवरून फोटो उतरवणं ही आपल्याकडची रीत आहे ना पळून गेलेल्या पोरीचा, ती त्या काळी कायद्यातच होती.

आता 1948 कडे येतो. ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

बाबासाहेबांचं पहिलं लग्न रमाईशी झालं ते भायखळ्याच्या बाजारात. रात्री, बाजार उठल्यावर. मासळीच्या ओट्यांची बाकडी केली, खालून पाणी वाहत होतं. एका कोपऱ्यात नवरीकडचे, दुसऱ्या कोपऱ्यात नवऱ्याकडचे. उजाडायच्या आत जागा मोकळी करायची, कोळणी यायच्या. त्या लग्नाचा फोटो माझ्या तरी पाहण्यात नाही. असणार कसा? त्या काळी आपल्या माणसाचा फोटो निघायचा तो पलटणीत.

दुसरं लग्न 15 एप्रिल 1948. दिल्ली, 1 हार्डिंज ॲव्हेन्यू, राहता बंगला. नवरी डॉ. शारदा कबीर, सारस्वत ब्राह्मण घरातली, मुंबईत डॉक्टरकी करणारी. मोजकी माणसं. दिल्लीचे डेप्युटी कमिशनर रामेश्वर दयाळ रजिस्ट्रार म्हणून घरी आले, सह्या झाल्या, सिव्हिल लग्न लागलं. नवरा देशाचा कायदामंत्री. सहाच दिवस आधी, 9 एप्रिलला, त्याचं हिंदू कोड बिल सिलेक्ट कमिटीकडं गेलेलं.

लोक म्हणतात, साधेपणासाठी रजिस्टर केलं. अर्धंच खरं आहे हे. त्या दिवशी त्या दोघांना दुसरा रस्ता होता कुठं? हिंदू कायद्यात वरच्या जातीच्या पुरुषानं खालची बाई केली तर अनुलोम, ते मुंबई इलाख्यात चालवून घ्यायचे. बाई वरची आणि पुरुष खालचा, म्हणजे प्रतिलोम. ते रद्द. 1912 साली मुंबई हायकोर्टानं ब्राह्मण बाई आणि शूद्र पुरुष यांचं लग्न लग्नच नाही असा निकाल देऊन ठेवलेला. शूद्राची ही गत, तर अस्पृश्याची काय? हिंदू विवाह वैधता कायदा येऊन जातीबाहेरची लग्नं सरसकट कायदेशीर झाली 1949 साली. म्हणजे एक वर्ष उशिरा. 1948 च्या एप्रिलमध्ये देशाची घटना लिहिणाऱ्या माणसानं शंभर भट बसवून, हजार आहुत्या टाकून हे लग्न लावलं असतं तरी त्याची बायको कायद्यानं त्याची बायको झाली नसती. रजिस्ट्रारच्या समोरची सही हाच एक दरवाजा उघडा होता, आणि तोही 1923 सालीच उघडलेला. 1935 साली येवल्यात ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ सांगितलेला माणूस, त्याला कायद्याच्या लेखी हिंदू राहूनच त्या दारातून जावं लागलं.

1936 साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या, करू न दिलेल्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं, की नुसत्या सहभोजनानं जात जाणार नाही, रोटी झाली तरी बेटी व्हायला पाहिजे. बारा वर्षांनी स्वतः केलं.

त्या लग्नाच्या वेळचे फोटो आहेत. पुस्तकांतून छापलेत, तुम्हीही पाहिले असतील. मी धंद्यातला म्हणून सांगतो. मी एका वस्तीत फोटो फ्रेम करून द्यायचं काम करायचो तेव्हा एक जण बाबासाहेब आणि माईसाहेब यांचा जोडीचा फोटो घेऊन आला. म्हणाला, बाई काढ, साहेबांना एकट्याला मोठं कर. मी कापून दिला नाही. बाहेर दुसऱ्यानं दिला असेल. 1956 नंतर आपल्या लोकांनी माईंवर काय काय आळ घेतले, त्यांना कसं बाजूला टाकलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पँथरच्या पोरांनी सत्तरच्या दशकात त्यांना पुन्हा सभेत आणलं. 1990 साली त्यांचं आठवणींचं पुस्तक आलं, 2003 साली त्या गेल्या. घटना मानतो, साहेबांची सही मानतो, आणि त्याच सहीनं झालेली बायको फोटोतून कापतो. हे कुठलं आंबेडकरवादीपण? जातीबाहेरची सून फोटोत नको, हे तर बामणांचं म्हणणं होतं.

1954 साली नवा विशेष विवाह कायदा आला, 1 जानेवारी 1955 पासून लागू. दत्तकाचं ते कलम गेलं. एकत्र कुटुंबातून तुटण्याचं राहिलं, ते हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या आपसातल्या लग्नापुरतं 1976 साली काढलं. पण नोटीस बघा. 1872 च्या गोऱ्या कायद्यात लग्नाआधीची नोटीस चौदा दिवसांची होती. स्वतंत्र भारतात ती तीस दिवसांची झाली. वाढली, कमी नाही झाली!

ही नोटीस म्हणजे काय ते मांडवात लग्न केलेल्याला कळायचं नाही. दोघांतल्या एकानं त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं पाहिजे. मग अर्ज. मग नाव, गाव, वय, पत्ता असलेला कागद बोर्डावर. कुणीही यावं, वाचावं. आणि पोरगा-पोरगी मूळचे दुसऱ्या जिल्ह्यातले असले तर त्याची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडं जाते, तिथल्या बोर्डावर लागते. पोरगी जीव मुठीत धरून मुंबईला आलेली, आणि तिचा पत्ता सरकारी टपालानं परत तिच्या तालुक्याच्या गावाला. हरकत कशावर घेता येते? आधीचा जोडीदार जिवंत आहे का, वय भरलंय का, वेडबीड नाही ना, जवळचं नातं नाही ना. एवढंच. जात हे हरकतीचं कारण कायद्यात नाही. पण बापाला हरकत घ्यायचीच नसते. त्याला फक्त तारीख पाहिजे असते.

2013 साली सोनईत आपली तीन पोरं मारली, मेहतर समाजाची. एकाचं मराठा पोरीवर प्रेम होतं. सेप्टिक टँकच्या कामाला म्हणून बोलावून नेलं. त्या प्रेमाला रजिस्टरपर्यंत जायलासुद्धा मिळालं नाही.

2018 साली सुप्रीम कोर्टानं शक्तिवाहिनी खटल्यात सांगितलं, अशा जोडप्यांना संरक्षण द्या, सुरक्षित घरं काढा. 2021 च्या जानेवारीत अलाहाबाद हायकोर्टानं म्हटलं, नोटीस लावायची की नाही हे त्या दोघांनी ठरवावं. तो निकाल तिकडचा. आपल्याकडं 2022 च्या डिसेंबरात सरकारनं काय काढलं? आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायची समिती. बोंब झाली तेव्हा आंतरजातीय हा शब्द घाईघाईनं काढला, आंतरधर्मीय ठेवला. नोटीस बोर्डाचं पोट भरलं नव्हतं म्हणून समिती.

तर अशा ठिकाणी फोटो काढायचा असतो.

मी सुरुवात केली ती उसन्या आगफा क्लिक थ्रीवर. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बारा. मांडवातल्या लग्नाला तीन रोल जायचे आणि त्यात निम्मे आहेर घेतानाचे. इथं बारामध्ये सगळं बसवायचं आणि पुष्कळदा सहा-सातमध्ये ते संपायचंच. दहा मिनिटांचं काम. अधिकाऱ्याच्या मागं खिडकी असते, समोरून काढला तर दोघांची तोंडं काळी पडतात. म्हणून मी खिडकीच्या बाजूला, भिंतीला चिकटून उभा राहतो. सही करताना तिचा हात घ्यायचा. रजिस्टरचं पान घ्यायचं. साक्षीदारांचे चेहरे स्पष्ट पाहिजेत, तिघांचे. मांडवातला फोटोग्राफर म्हणतो, वहिनी जरा हसा, पुन्हा हार घाला. इथं सही पुन्हा करता येत नाही, आणि हस म्हणायची माझी छाती होत नाही.

रंगाचं एक सांगतो. जातीचा आणि रंगाचा काही नेम नाही, आमच्यातही गोरे आहेत. पण पुष्कळदा जोडीत एक उजळ आणि एक काळं असायचं. फ्लॅशचा उजेड गोऱ्या तोंडाला पुरला की काळं तोंड कागदावर विझायचं. काळ्याला पुरला की गोरं पांढरंफटक. स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल चालवून काळ्याला गोरा करायचे, गिऱ्हाईकही खूश. मला माझ्या पहिल्या मालकानं हेच शिकवलं. मी नंतर ते बंद केलं. काळ्या तोंडाच्या मापानं उजेड धरायचा, गोरं तोंड थोडं उडालं तर उडू दे. एवढी वर्षं उलटंच चाललं होतं ना.

प्रमाणपत्र हा कायद्यानं शेवटचा पुरावा. मग फोटो कशाला, असं एका शिकल्यासवरल्या मित्रानं विचारलं. त्याला म्हटलं, तू कधी संध्याकाळी पोलिस ठाण्यात गेलायस का अशा जोडप्याबरोबर? बापानं पळवून नेल्याची तक्रार दिलेली असते. हवालदार इंग्रजी सर्टिफिकेट उलटंसुलटं करतो. फोटो मात्र लगेच वाचतो. पोरगी स्वतःच्या हातानं सही करतेय, कुणी मनगट धरलेलं नाही, हे त्याला दिसतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशीच तीन प्रती द्यायचो. एक त्यांना, एक साक्षीदाराकडं, एक वकिलाकडं. शोकेसमध्ये यांतला एकही कधी लावला नाही. आता मोबाइलवर लगेच मिळतं, तीन प्रतींची गरज नाही. पण तेच पोर उत्साहानं सगळ्या गावाला पाठवून बसतं. मी आता आधी ते विचारतो, कुठं पाठवणार नाहीस ना आठवडाभर?

सरकारलाही फोटो लागतो. महाराष्ट्रात आंतरजातीय लग्नाला मदतीची योजना 1958 पासून आहे. 2010 पासून पन्नास हजार मिळतात. अर्जाला जोडप्याचा एकत्र फोटो लावायचा. चांगलं आहे. पण ती योजना बघते कुणाकडं? एक मागासवर्गीय आणि एक सवर्ण, किंवा मागासांतले दोन वेगळे प्रवर्ग. दोघंही अनुसूचित जातीचे, एक महार आणि एक मांग, एक चांभार आणि एक महार, तर हे लग्न तिला दिसतच नाही. सरकारला वाटतं खाली सगळं एकच आहे. आपल्यालाही सभेत तसंच वाटतं. घरी वाटत नाही.

आपल्या बौद्ध लग्नांबद्दल थोडं. 1956 नंतर आपण होम टाकला. तथागत आणि बाबासाहेबांचा फोटो, त्रिशरण, पंचशील, दोन हार. म्हणजे आपल्याकडं अग्नीच्या जागी फोटो आला, फोटोसमोर लग्न लागायला लागलं. मला धंद्यामुळं याचा अभिमानच. पण आता त्या फोटोच्या मागं पन्नास हजारांची फुलं, पुढं डीजे, आणि ड्रोन घिरट्या घालतो. सकाळी हॉलमध्ये एवढा खर्च, आणि नोंदणी करा म्हटलं की ‘करू की, घाई काय’. 1998 च्या कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे. 2006 साली सुप्रीम कोर्टानंही सांगितलं. पण रजिस्टर म्हणजे पळून गेलेल्यांचं काम, अशी आपल्यातली समजूत. ज्या पद्धतीनं साहेबांनी स्वतःचं लग्न केलं ती पद्धत आपल्यात चोराची झाली. तमिळनाडूत पेरियारवाल्यांनी स्वाभिमान विवाह चालवले, कोर्टात ते टिकेनात म्हणून 1967 साली अण्णादुराईंच्या सरकारनं हिंदू विवाह कायद्यात कलमच घालून घेतलं. भट नको, होम नको, दोघांनी आपल्या भाषेत बोला, हार घाला, लग्न झालं. सत्यशोधकांच्या महाराष्ट्रात हे सुचलं नाही कुणाला.

गेल्या वर्षी एक लग्न केलं मी. केलं म्हणजे फोटो काढले. पोरगा आपला, पोरगी मातंग, दोघंही शिकलेले. दोघांच्या घरी माहीत होतं. कुणाचा विरोध नाही, असं दोन्हीकडून सांगितलेलं. नोटिशीचे तीस दिवस गेले, कुणी हरकत घेतली नाही, कुणी कोयता घेऊन आलं नाही. ठरल्या दिवशी मी खिडकीच्या बाजूला उभा. तीन साक्षीदार आले, ऑफिसातले मित्र. पोराची आई येणार होती. तिनं फोन करून सांगितलं, गुडघा दुखतोय, तुम्ही उरका. पोरीचा बाप मात्र आला. तो बाहेर बाकावर बसून राहिला, डोक्याला रुमाल. शिपाई दोनदा म्हणाला, आत चला. नाही आला. साक्षीदारांची तिसरी सही झाली तेव्हा तो दारात उभा होता, एक पाय उंबऱ्याच्या आत. मी तिथून एक फोटो काढला. त्यात रजिस्टर आहे, तिचा हात आहे, आणि मागं दारात अर्धा माणूस. पोरगी म्हणाली, काका, हाच मोठा करून द्या.

दिला करून. पोराच्या घरी लावलाय का, विचारलं नाही.